पार्सल हरवलं, आता विम्याचं काय?

जबलपूरच्या कुठल्याही पोस्टात खिडकीशी जाऊन नुसतं "बीमा करवाना है" म्हटलं, तर समोरचा माणूस बहुधा आयुर्विम्याचा अर्ज पुढे सरकवेल. त्याची त्यात काही चूक नाही. पोस्टाचा आयुर्विमा १ फेब्रुवारी १८८४ पासून चालू आहे, आणि 'डाक का बीमा' म्हणजे तोच, असं सगळं गाव धरून चालतं. आपल्याला हवा असतो पार्सलचा विमा. म्हणून खिडकीवर "पार्सल का बीमा" असं स्पष्ट म्हणायचं, आणि किती रुपयांचा तेही त्याच दमात सांगायचं.

हे इतकं जपून का बोलायचं, ते कळायला एक उदाहरण धरू. समजा, जबलपूरच्या राइट टाउनमध्ये राहणाऱ्या एक वहिनी आहेत. भेडाघाटच्या मऊ दगडात कोरलेल्या मूर्ती त्या कारागिरांकडून घेतात, फोटो काढून इन्स्टाग्रामवर टाकतात आणि मागणी आली की पोस्टानं पाठवतात. कोथरूडच्या एका काकूंनी ३,५०० रुपयांचा गणपती मागवला. यूपीआयनं पैसे आले, त्याच दिवशी पार्सल गेलं. पंधरा दिवसांनी काकूंचा मेसेज आला : "अगं, बाप्पा अजून पोचले नाहीत."

आता वहिनींनी काय करायचं? याचं उत्तर बरंचसं पंधरा दिवसांपूर्वीच ठरून गेलेलं असतं. पार्सल बांधताना आणि खिडकीवर देताना त्यांनी काय केलं, काय लिहिलं आणि काय जपून ठेवलं, त्यावर. म्हणून आपणही तिथूनच सुरुवात करू.

पोस्ट मुळात काय देणं लागतं?

पार्सल पोस्टाकडून हरवलं तर पोस्टानं त्याची किंमत भरून द्यावी, हे आपल्याला उघड वाटतं. कायद्याला तसं वाटत नाही. १८९८ च्या टपाल कायद्याच्या सहाव्या कलमानं हे साफ सांगून टाकलं होतं : वस्तू हरवली, चुकीच्या हाती पडली, उशिरा पोचली किंवा मोडली, तरी सरकारनं स्पष्ट शब्दांत जेवढी जबाबदारी घेतली असेल तेवढीच. कर्मचाऱ्यावरही जबाबदारी येणार ती त्यानं लबाडी केली किंवा जाणूनबुजून नुकसान केलं तरच. हा कायदा सव्वाशे वर्षं चालला. त्याच्या जागी आलेला २०२३ चा कायदा १८ जून २०२४ ला लागू झाला. सहाव्या कलमाचं दहावं कलम झालं, पण गाभा तोच राहिला. नियमांनी जेवढी ठरवून दिली असेल तेवढीच जबाबदारी, त्यापलीकडे नाही.

सर्वोच्च न्यायालयानं व्ही.पी. पार्सलांच्या (म्हणजे पैसे घेऊनच ग्राहकाच्या हाती द्यायच्या पार्सलांच्या) पैशांवरून झालेल्या मोहम्मद नाझीम यांच्या खटल्यातही हीच भूमिका मांडली. पोस्ट म्हणजे माल वाहणारा साधा वाहतूकदार नव्हे आणि पाठवणाऱ्याचा एजंटही नव्हे. कायद्याच्या आणि नियमांच्या चौकटीत चालणारी ती एक सार्वजनिक सेवा आहे. तेव्हा "मी पैसे दिले, तुम्ही माझा माल हरवला, भरा आता" हा बाजारातला युक्तिवाद खिडकीवर टिकत नाही.

स्पीड पोस्टसाठी सरकारनं थोडी जबाबदारी पत्करलेली आहे. १९९९ च्या अधिसूचनेनं घातलेलं माप असं होतं : उशीर झाला तर स्पीड पोस्टचं शुल्क परत, आणि वस्तू हरवली किंवा मोडली तर शुल्काची दुप्पट किंवा १,००० रुपये, यांपैकी जे कमी असेल ते. 'जे कमी असेल ते' हे चार शब्द नीट वाचा. वहिनींना पाठवायला १२० रुपये पडले असतील, तर या मापानं त्यांच्या हाती २४० रुपये येणार. मूर्ती ३,५०० ची असो की ३५,००० ची.

या भिंतीला दार आहे ते विम्याचं. विमा उतरवला की सरकार विम्याच्या रकमेपर्यंत जबाबदारी घेतं. जुन्या कायद्याच्या तेहतिसाव्या कलमात ही जबाबदारी होती, आणि तिला एक अट जोडलेली होती : भरपाई वस्तूच्या खऱ्या किमतीपेक्षा जास्त कधीच मिळणार नाही. ३,५०० च्या मूर्तीचा विमा १०,००० ला उतरवला, तरी हाती ३,५०० च पडतील. वर जास्त रक्कम का लिहिली, या प्रश्नाचं उत्तर द्यावं लागेल ते वेगळंच.

उतरवायचा की नाही?

पार्सलच्या विम्याचा हिशेब पोस्टात कित्येक वर्षं असा चालत आला : पहिल्या २०० रुपयांना १० रुपये आणि पुढच्या प्रत्येक १०० रुपयांना, किंवा त्याच्या भागाला, ६ रुपये. वहिनींच्या मूर्तीला लावून पाहू. पहिल्या २०० चे १०. उरले ३,३००, म्हणजे तेहतीस शेकडे, त्यांचे १९८. एकूण २०८ रुपये, वर जीएसटी. आजचा नेमका आकडा खिडकीवर विचारूनच घ्यायचा, पण या गणितातून एक गोष्ट ध्यानात येते. हा विमा वस्तूच्या किमतीच्या जवळजवळ सहा टक्क्यांना पडतो.

सहा टक्के ही थोडीथोडकी रक्कम नव्हे. शंभर पार्सलं पाठवली आणि त्यांतली सहा हरवली, तर कुठे विम्याचे पैसे वसूल. शंभरात एखादंच हरवत असेल, तर प्रत्येक पार्सलचा विमा उतरवणं म्हणजे दरमहा पोस्टाला देणगी देणं. म्हणून बरेच छोटे विक्रेते स्वस्त माल विनाविमा पाठवतात आणि एखाददुसरं नुकसान धंद्याच्या खर्चात धरतात. त्यांचं ते बरोबरच आहे.

मग विमा कशाचा उतरवायचा? जे पार्सल हरवलं तर त्या महिन्याचा हिशेबच बिघडेल, त्याचा. ३५० रुपयांच्या दिव्याला विम्याची गरज नाही. ३,५०० ची मूर्ती, ८,००० ची चंदेरी साडी, एखाद्या ग्राहकानं सांगून करवून घेतलेली, दुसरी मिळणारच नाही अशी वस्तू, यांचा उतरवावा. दागिने, सोनं, मौल्यवान खडे, रोकड यांच्या बाबतीत तर निवड नसतेच. अशा वस्तूंना टपालाच्या नियमांनी विमा सक्तीचा केलेला आहे. सोन्याची नथ 'गिफ्ट' म्हणून साध्या पाकिटातून पाठवणाऱ्याला पुढे तोंड उघडायला जागा राहत नाही.

विम्यानं आणखी एक गोष्ट मिळते, ती दरपत्रकात लिहिलेली नसते. विम्याचं पार्सल पोस्टाच्या यंत्रणेत वेगळं जपलं जातं, एका हातातून दुसऱ्या हातात जाताना त्याची नोंद होते. नोंद असली की वाट शोधता येते.

बांधणीचा दिवस

दाव्याच्या वेळी तुम्हाला तीन गोष्टी पटवून द्याव्या लागतात. आत काय होतं. त्याची किंमत किती होती. आणि ते नीट बांधून पोस्टाच्या हवाली केलं होतं. हे तिन्ही पुरावे पार्सल घरात असतानाच गोळा करता येतात. गेल्यावर नाही.

मूर्ती वजनकाट्यावर ठेवून एक फोटो, खोक्यात घालतानाचा एक, खोकं बंद केल्यावरचा एक, आणि पत्ता दिसेल असा शेवटचा एक. फार तर पाच मिनिटांचं काम. एका मिनिटाचा व्हिडिओ काढलात, ज्यात मूर्ती, बिल आणि खोकं एकाच दृश्यात दिसतं, तर फारच उत्तम. बिल मात्र त्याच तारखेचं हवं. हाताने लिहिलेलं बिल चालतं, पण त्यावर क्रमांक, तारीख, वस्तूचं वर्णन आणि ग्राहकाचं नाव असलं पाहिजे. यूपीआयच्या व्यवहाराचा क्रमांकही त्यावरच टाकून ठेवा. मग विक्रीची किंमत तुम्ही सांगता आणि बँकेची नोंद तिला दुजोरा देते.

मूर्ती दगडाची असली तरी तिची सोंड, हात आणि प्रभावळ चटकन तुटतात. हे भाग आधी कागदानं वेगळे गुंडाळायचे. मग मूर्ती खोक्यात ठेवून चारी बाजूंनी भरण घालायची, ती इतकी की खोकं हलवलं तर आतून काही आवाज येता कामा नये. बांधणी कच्ची होती असं म्हणायला एकदा जागा मिळाली, की मोडलेल्या वस्तूचा दावा तिथेच अडकतो.

विम्याच्या पार्सलावर विम्याची रक्कम अंकी आणि अक्षरी लिहावी लागते. तिच्यात खाडाखोड चालत नाही. आकडा चुकला तर गिरवून दुरुस्त करू नका, वेष्टन बदला. जुन्या पद्धतीत पार्सल कापडात शिवून प्रत्येक शिवणीवर आणि जोडावर लाखेच्या मोहरा उमटवत. सगळ्या मोहरा एकाच ठशाच्या, आणि तो ठसाही पाठवणाऱ्याचा स्वतःचा. नाणं दाबून मोहर केलेली चालत नसे, कारण नाणं कुणाच्याही खिशात असतं. फोडून पुन्हा तसंच बंद करता येऊ नये, एवढाच त्यामागचा विचार. मोहरबंदीबद्दल खिडकीवर काय सांगतात ते आदल्या दिवशीच विचारून ठेवावं, म्हणजे खोकं घेऊन दोन खेपा पडत नाहीत.

पत्ता लिहिताना पिनकोडवर थांबा. ही सहा आकडी पद्धत श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखली आणि १५ ऑगस्ट १९७२ पासून ती लागू झाली. जबलपूरचं मुख्य पोस्ट ४८२००१, कोथरूड ४११०३८. दोन्ही '४' नंच सुरू होतात, कारण त्या पहिल्या आकड्यात महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड एकाच घरात बसवलेले आहेत. वेगळेपण सुरू होतं दुसऱ्या आकड्यापासून. तिथे १ चा ७ झाला, तर पुण्याचं पार्सल मध्य प्रदेशाच्या वाटेला लागलं म्हणून समजा.

पावती मिळाली की खिडकी सोडण्याआधी चार गोष्टी वाचा : नाव, पिनकोड, वजन आणि विम्याची रक्कम. विम्याचा आकडा पावतीवर नसेल, तर तुमच्या पार्सलचा विमा नाही. तुम्ही तोंडानं काय सांगितलं होतं ते पुढे कुणी विचारणार नाही. आणि हो, ही पावती उष्णतेनं छापल्या जाणाऱ्या कागदावर असते. जबलपूरच्या मे महिन्यात ती स्कूटरच्या डिकीत राहिली, तर आठवड्याभरात कोरी दिसू लागेल. घरी येताच तिचा फोटो काढा आणि मूळ पावती फाइलला लावा. दाव्याला मूळच लागते.

तेरा अक्षरांचा क्रमांक

पावतीवर एक तेरा अक्षरांचा क्रमांक असतो : आधी दोन अक्षरं, मग नऊ आकडे, शेवटी भारताची दोन अक्षरं 'आय' आणि 'एन'. स्पीड पोस्टचा क्रमांक 'ई' नं सुरू होतो, पार्सलचा 'सी' नं. ही जगभरच्या टपालाची सामाईक पद्धत आहे आणि तिच्यात एक सुंदर युक्ती आहे. नऊ आकड्यांतला शेवटचा आकडा स्वतंत्र नसतो, आधीच्या आठांवरून काढलेला असतो.

समजा आठ आकडे आहेत ५, २, ७, ३, १, ८, ४, ६. त्यांना अनुक्रमे ८, ६, ४, २, ३, ५, ९, ७ नं गुणायचं. येतात ४०, १२, २८, ६, ३, ४०, ३६, ४२. बेरीज २०७. तिला ११ नं भागलं की बाकी उरते ९. अकरातून नऊ गेले, उरले २. म्हणून नववा आकडा २. (उत्तर १० आलं तर ०, आणि ११ आलं तर ५ धरतात.) आता कुणी घाईत ३ आणि १ ची अदलाबदल केली, तर बेरीज होते २०९, बाकी शून्य, आणि नववा आकडा यायला हवा ५. असतो मात्र २. चूक जागच्या जागी पकडली जाते. तक्रारीत क्रमांक चुकीचा उतरवला की ती तक्रार भलत्याच पार्सलची ठरते. म्हणून हाताने लिहू नका, फोटोवरून एकेक अक्षर ताडून पाहा.

हरवलं असं केव्हा म्हणायचं?

वेबसाइटवर माग काढताना बहुतेक जण शेवटची ओळ वाचतात आणि बंद करतात. सगळ्या ओळी वाचा. पार्सल स्वीकारलं, पिशवीत भरलं, पिशवी रवाना झाली, पुढच्या ठिकाणी मिळाली, वाटपाला निघालं, पोचतं झालं, असा तो क्रम असतो. मार्च १८७० मध्ये मुंबई-कलकत्ता लोहमार्ग जबलपूरला जुळला, तेव्हापासून हे गाव डाकेच्या मोठ्या वाटेवर आहे. आजही इथून निघालेलं पार्सल पुण्याच्या घरी पोचेतो पिशव्या बदलत, हातोहात जातं. प्रत्येक टप्प्याला आधीचा देतो आणि पुढचा घेतो. जिथे 'दिलं' दिसतं पण 'घेतलं' दिसत नाही, ती जागा शोधायची. चौकशी करणारा अधिकारीही तीच शोधतो.

अडचणी साधारण तीन तऱ्हेच्या असतात, आणि तिन्हींची वाट निराळी.

पहिली, माग मधेच तुटलेला. पार्सल एका ठिकाणहून निघालं, पुढे कुठेच उगवलं नाही. नेहमीच्या मुदतीपेक्षा आठवडाभर जास्त गेला, की तक्रार घालायची. 'येईल अजून' म्हणत महिनोन्‌महिने थांबू नका. तक्रारीला मुदत असते आणि नोंदी जुन्या होत जातात.

दुसरी, माग 'पोचलं' म्हणतो आणि काकू म्हणतात "नाही आलं." हे सगळ्यांत किचकट. इथे आधी हरवल्याचा दावा करून उपयोग नाही. वाटपाचा पुरावा मागायचा : कोणत्या तारखेला, कुणाच्या हाती, सही कुणाची. कित्येकदा पार्सल सोसायटीच्या वॉचमनकडे किंवा शेजारी पडलेलं असतं. १ सप्टेंबर २०२५ ला रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालं. त्यानंतरच्या नव्या दरपत्रकात 'रजिस्ट्रेशन' आणि 'ओटीपी' या जादा सोयी प्रत्येकी ५ रुपये अधिक जीएसटी अशा दिल्या आहेत. पहिल्या सोयीत वस्तू ज्याच्या नावाची त्याच्याच किंवा त्यानं नेमलेल्या माणसाच्या हाती देतात, दुसरीत ओटीपी सांगितल्याशिवाय देत नाहीत. पुढल्या खेपेला हे पाचदहा रुपये खर्च करायला हरकत नाही.

तिसरी, पार्सल आलं पण फाटलेलं किंवा हलकं लागतंय. अशा वेळी काकूंनी सही करून घरात घेऊ नये. पोस्टात जाऊन, अधिकाऱ्यासमोर उघडून द्या, असं सांगावं. याला 'ओपन डिलिव्हरी' म्हणतात. आत काय निघालं, किती मोडलं, याची यादी सगळ्यांसमोर होते आणि तीच पुढे दाव्याचा कणा ठरते. खोकं, भरण, मोहरा, काही फेकायचं नाही. मूर्तीची फक्त सोंड तुटली असेल, तर भरपाई तेवढ्या नुकसानीची मिळते, सगळ्या मूर्तीची नाही.

तक्रार आणि दावा

तक्रार करण्याच्या जागा तीन. टपाल खात्याची वेबसाइट, १८०० २६६ ६८६८ हा निःशुल्क फोन, आणि जिथे पार्सल दिलं तेच पोस्ट. वेबसाइटवर घाला, पण पोस्टमास्तरांच्या नावानं एक लेखी अर्जही द्या आणि त्याच्या प्रतीवर शिक्का-तारीख घेऊन या. जबलपुरात अर्ज हिंदीत लिहावा हे बरं. फाइल जितक्या सहज वाचली जाईल, तितकं काम हलतं.

अर्जात रागाला जागा ठेवू नका. वहिनींचा अर्ज साधारण असा असावा :

"अमुक तारखेला आपल्या कार्यालयातून कोथरूड, पुणे ४११०३८ या पत्त्यावर ३,५०० रुपयांचा विमा उतरवलेलं पार्सल पाठवलं. क्रमांक व पावतीची प्रत सोबत आहे. आत दगडी गणपतीची एक मूर्ती होती. मागोव्यात शेवटची नोंद अमुक तारखेला, अमुक ठिकाणाहून रवाना झाल्याची आहे, त्यानंतर नोंद नाही. ज्यांना पाठवलं त्यांनी ते मिळालं नसल्याचं लेखी कळवलं आहे. कृपया शोध घ्यावा, आणि वस्तू न सापडल्यास विम्याच्या रकमेची भरपाई मंजूर करावी."

शेवटचं वाक्य मोलाचं आहे. नुसती 'शोध घ्या' अशी तक्रार असली, तर 'शोध घेतला, सापडत नाही' असं उत्तर येऊन ती बंद होऊ शकते. भरपाई हवी असेल तर पहिल्याच अर्जात मागा.

सोबत लागतात ते कागद बहुधा हे : मूळ पावती, बिल, पैसे मिळाल्याची बँकेची नोंद, काकूंनी 'मला पार्सल मिळालं नाही' असं सहीनिशी लिहिलेलं पत्र, तुमचं ओळखपत्र आणि बँक खात्याचा तपशील. दावा पाठवणाऱ्याचा असतो, म्हणून धावपळ वहिनींनीच करायची. काकूंनी पुण्यातून फक्त ते पत्र द्यायचं. मंजुरी खिडकीवर होत नाही, कागद वर विभागीय कार्यालयात जातात, वाटेतल्या ठिकाणांची उत्तरं येतात, मग निर्णय होतो. त्याला वेळ लागतो. दर पंधरा दिवसांनी तक्रारीचा क्रमांक घेऊन चौकशी करत राहायचं.

दावा कशात अडकतो, तेही पाहून घेऊ. बिल पार्सलनंतरच्या तारखेचं. बिलावर ३,५०० आणि बँकेत आले ३,०००. पावतीवर विम्याची नोंदच नाही. पार्सलावर 'कपडे' आणि दाव्यात 'मूर्ती'. यांतली एकही चूक पोस्टाची नाही. शिवाय विमा वस्तूचा असतो. हुकलेला नफा, गणेश चतुर्थी टळल्याची हळहळ, ग्राहक तुटल्याचं दुःख, हे काही त्यात येत नाही. आणि पैसे मिळाल्यावर महिन्याभरानं पार्सल कुठूनतरी उगवलंच, तर कळवावं लागतं. मूर्ती आणि भरपाई दोन्ही ठेवता येत नाहीत.

तोवर काकूंना काय सांगायचं?

विम्याचे पैसे येईपर्यंत ग्राहकाला थांबवायचं का? १९३० चा मालविक्री कायदा इथे थोडा विक्रेत्याच्या बाजूचा वाटतो. त्याच्या एकोणचाळिसाव्या कलमाप्रमाणे माल वाहतूकदाराच्या हवाली केला, की सकृद्दर्शनी तो ग्राहकाला दिल्यासारखाच. पण त्याच कलमाला दुसरी बाजू आहे. मालाचं स्वरूप पाहून विक्रेत्यानं पाठवणीची वाजवी व्यवस्था करायची असते. ती केली नाही आणि माल हरवला, तर 'पोचला असं मी धरणार नाही' असं ग्राहक म्हणू शकतो. मौल्यवान मूर्ती विनाविमा पाठवणं 'वाजवी' होतं का, हा वाद तिथे उभा राहतो. मोठ्या विक्री-संकेतस्थळांवरून विकत असाल, तर तिथले परताव्याचे नियम याहून कडक असतात.

कलमं बाजूला ठेवली, तरी व्यवहाराचा शहाणपणा सांगतो की काकूंचे पैसे परत करावेत किंवा दुसरी मूर्ती पाठवावी, आणि पोस्टाशी आपण निपटावं. विमा उतरवला असेल तर हे करण्याची हिंमत होते. विम्याचा खरा उपयोग इथेच.

उत्तरच आलं नाही तर

पहिली पायरी, केंद्र सरकारचं सीपीग्राम्स हे तक्रार-संकेतस्थळ. २०२४ पासून तिथे तक्रार निकाली काढण्याची मुदत २१ दिवसांची आहे. दुसरी, टपाल खातंच वेळोवेळी भरवतं ती डाक अदालत. तिच्या तारखा पोस्टात लागतात आणि वर्तमानपत्रात येतात. आधीच्या तक्रारीचा क्रमांक आणि तारखा जोडून अर्ज द्यायचा. तिसरी, माहितीचा अधिकार. १० रुपयांच्या शुल्कात तुम्ही विचारू शकता : माझं पार्सल कोणत्या क्रमांकाच्या पिशवीत घातलं, ती पिशवी पुढे कुणी आणि केव्हा घेतली, उघडताना त्यात माझं पार्सल नोंदलं होतं का, माझ्या दाव्याची फाइल आज कुणाकडे आहे. 'का' विचारू नका, नोंदींच्या प्रती मागा. तीस दिवसांत उत्तर द्यायचं बंधन आहे, आणि पुष्कळदा या प्रश्नांनीच झोपलेली फाइल जागी होते.

शेवटची पायरी जिल्हा ग्राहक आयोगाची. २०१९ च्या कायद्यानं तक्रारदाराला स्वतःच्या राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणजे वहिनींना पुण्याला जावं लागत नाही. वस्तू किंवा सेवेसाठी दिलेला मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. मुदत, कारण घडल्यापासून दोन वर्षं. 'तुम्ही तर व्यापारी, ग्राहक कसल्या?' असा आक्षेप येऊ शकतो. कायदा 'व्यापारी हेतू'चे व्यवहार वगळतो खरा, पण पोटापाण्यासाठी स्वतःच्या हिमतीवर केलेला धंदा त्यात धरू नये, असं उत्तर त्यावर देता येतं. मात्र विमा नसेल तर आयोगापुढेही ते जुनं सहावं आणि नवं दहावं कलम येऊन उभं राहतं. विमा असेल, कागद धड असतील आणि तरी पैसे अडवले असतील, तर बाजू बरीच भक्कम होते.

पार्सल परदेशात हरवलं तर नियम निराळे. तिथे १८७४ मध्ये स्थापन झालेल्या जागतिक टपाल संघाचा करार लागू होतो. पाठवल्याच्या दुसऱ्या दिवसापासून सहा महिन्यांच्या आत चौकशी घालावी लागते, आणि ती पाठवणाऱ्यानं जिथून पाठवलं त्या देशाच्या टपालाकडे घातलेली बरी. न्यू जर्सीच्या भाच्याला पाठवलेल्या मूर्तीची तक्रार त्याच्यावर न सोपवता जबलपुरातच घालावी.

हे सगळं वाचून दमायला होईल, पण रोजचं काम थोडकं आहे. एक वही करा. प्रत्येक पार्सलाला एक ओळ : तारीख, तेरा अक्षरी क्रमांक, वस्तू, किंमत, विमा, वजन, पोचल्याची तारीख. मूळ पावत्या पाकिटात, फोटो फोनमध्ये. बहुतेक ओळींचा शेवटचा रकाना आठवड्याभरात भरतो आणि त्या पावत्या तुम्ही दिवाळीच्या साफसफाईत टाकून देता. ज्या ओळीचा रकाना कोरा राहतो, तिच्यासाठी उरलेल्या सगळ्या लिहिलेल्या असतात.